तिला कुठे ठेवलं, एवढं विचारा

पत्र : लग्नाला चार वर्षं झाली. गेल्या आश्विनात, आठव्या महिन्यात, बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. मला दाखवली नाही. नवरा आणि चुलतसासरे तिला घेऊन गेले, परत येऊन आंघोळी केल्या, तेव्हापासून घरात त्यावर शब्द नाही. पंधराव्या दिवशी मी पतसंस्थेत कामावर हजर. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीला हात लावलास. त्यांचंही एक असंच गेलं होतं, असं एकदाच बोलल्या. गुपचूप ऑनलाइन समुपदेशन घेतलं, तर मॅडमनी दुसऱ्याच भेटीत ‘वेगळं राहा, बाउंड्री आखा’ सांगितलं. मला वेगळं राहायचं नाही. गरोदरपणात माझे पाय दाबले ते सासूबाईंनीच. नवरा म्हणतो, ‘मी काय वेडा आहे, कुठे जायला?’ जाऊबाई ट्रंकेतली दुपटी मागताहेत. कधीकधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये. – नाव नको, कराड

ग्रहणाचं आधी उरकते. विळीला हात लावल्याने बाळ जात नाही. वार वेळेआधी सुटते, रक्तदाब किंवा साखर वाढते, नाळेला पीळ पडतो, बाळाची वाढच खुंटते, अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा सगळ्या तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. तुमच्या फायलीत काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या. नवऱ्याला सोबत न्या. त्यानेही ते स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं, कारण ‘आई, ग्रहणाचं परत काढू नकोस’ हे त्याने बोलायचंय, तुम्ही नाही. सुनेने म्हटलं तर उलट उत्तर ठरतं. लेकाने म्हटलं तर आई दोन दिवस फुगून बसेल, एवढंच.

मॅडमची ‘बाउंड्री’ तुमच्या घरापुरती एवढीच, या एका वाक्याभोवती आखलेली. त्यासाठी वेगळा संसार मांडायची गरज मला दिसत नाही. पण एका समुपदेशकाशी सूर जुळला नाही म्हणून सगळंच टाकून देऊ नका. दुसऱ्यांना फोन कराल तेव्हा आधीच विचारा : शिक्षण काय, मराठीत बोलणार का, बाळ गमावलेल्या जोडप्यांबरोबर काम केलंय का. आणि स्वच्छ सांगा, मला याच घरात राहून मार्ग काढायचाय. चांगला समुपदेशक त्यावर वाद घालत नाही, घरात कोण कोण आहे ते विचारतो. तुमचं बोलणं त्याने गुप्तच ठेवायचं असतं.

सासूबाईंचं ते ‘माझंही एक’ तुम्ही भरकन लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. त्या बाईलाही तेव्हा कुणीतरी ग्रहण नाहीतर असलंच काहीतरी सांगितलं असणार. आमच्या पिढीच्या बायकांना दूध आलं, पाजायला बाळ नाही, पदर ओला, आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे, असं झालेलं मी पाहिलंय. विचारा त्यांना कधीतरी, भाजी निवडताना. मुलगा होता की मुलगी, एवढंच विचारा.

नवऱ्याबद्दल माझं मत तुमच्याहून थोडं वेगळं आहे. त्या घरात तुमच्या मुलीला हातात घेतलेला माणूस तो आहे. एवढ्या लहान बाळाला आपल्याकडे बहुतेक घरांत दहन करत नाहीत, पुरतात. दहावा नाही, तेरावा नाही. मोठं माणूस गेलं की घराला तेरा दिवस रडायची मुभा असते. तुम्हा दोघांना ती मिळालीच नाही. लोक आले असतील ते ‘वय आहे अजून’ म्हणत चहा पिऊन गेले असतील. तुम्ही तिला पाहिलं नाही, त्याने पाहिलं, आणि दोघंही गप्प. तेव्हा त्याला ‘समुपदेशनाला चल’ म्हणूच नका, त्या शब्दानेच तो बिथरतो. ‘तिला कुठे ठेवलं?’ एवढं विचारा. समोर बसवून नाही, गाडीवर मागे बसलेल्या असताना. पुढे रस्ता असला की पुरुषांना बोलता येतं, हा माझा अनुभव. तो गाडी बाजूला घेईल, किंवा ऐकूच आलं नाही असं करेल. आठवड्याने पुन्हा विचारा. दाखवायला तयार झाला तर दोघंच जा. नाव ठेवावंसं वाटलं तर ठेवा, कुणाला सांगायची गरज नाही. ‘मला एकटीला जमत नाही, माझ्यासोबत चल’ हे त्यानंतर. तेव्हा तो येईल असं मला वाटतं.

तिची कुठेच खूण नाही असंही समजू नका. मृत जन्मलेल्या बाळाची नोंद करणं १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. रजेचंही तेच. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूल धरलेलं आहे, आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायचंच नाही, असंही त्यात आहे. ‘मूल नाही तर रजा कसली’ असं कुणी म्हटलं असेल तर ते चूक. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पतसंस्थेकडे लेखी अर्ज करा.

‘झोपावं आणि उठूच नये’ हे मात्र मी ऐकून सोडून देणार नाही. असं वाटेल त्या रात्री १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, फुकट, रात्रीबेरात्रीही, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार पक्का होऊ लागला तर नवऱ्याला उठवा आणि तडक दवाखाना गाठा. रोजच झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, नवरा येवो न येवो.

दुपटी जाऊबाईंना इतक्यात देऊ नका. त्या रागावल्या तर रागावू देत. ती सासूबाईंच्या जुन्या पातळाची असतील, हो ना? किल्ली त्यांच्याकडेच असेल, तर एक दिवस दोघी मिळून ट्रंक उघडा.