नकाशावरचा हिरवा ठिपका खरा किती?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : इलेक्ट्रिक गाडी आणि सार्वजनिक फास्ट चार्जर

या वेळच्या पत्रांचा सूर एकच आहे. चार्जर अ‍ॅपवर दिसतो, पण तिथे गेल्यावर तो आपल्या गाडीला, त्या वेळी, पुरेशा वेगाने वीज देईलच याची खात्री नसते. त्यामुळे ‘चार्जर कुठे आहे’ यापेक्षा ‘तो मिळेल का, हे आधी कसे ओळखायचे’ यावर आम्ही जास्त जागा दिली आहे. उत्तरांत १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास.

प्रश्न : अ‍ॅपवर हिरवा ठिपका होता, ‘उपलब्ध’ असेही लिहिले होते. वाट वाकडी करून गेलो तर चार्जर बंद. मग अ‍ॅपवर विश्वास ठेवायचा कशावर?

उत्तर : अ‍ॅपवरची माहिती दोन प्रकारची असते. पत्ता, गनची (गाडीत लावायच्या प्लगची) संख्या, किलोवॉट ही माहिती कोणीतरी एकदा भरलेली असते आणि ती महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. ‘उपलब्ध’, ‘चालू’, ‘बिघाड’ ही स्थिती मात्र चार्जर स्वतः मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला कळवतो. त्यासाठीची भाषा म्हणजे ओसीपीपी. नेटवर्क तुटले की सर्व्हरकडे शेवटची स्थितीच शिल्लक राहते, आणि काही अ‍ॅप तीच हिरव्या रंगात दाखवत राहतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘अवेलेबल’ याचा अर्थ एवढाच की गन कोणाच्या गाडीला लावलेली नाही आणि चार्जरला स्वतःत दोष सापडलेला नाही. गनची पिन वाकली आहे किंवा समोर कोणी पेट्रोलची गाडी लावून गेले आहे, हे त्याला कळत नाही. आतल्या पॉवर मॉड्यूलचेही (वीज पुरवणाऱ्या सुट्या भागांचेही) तसेच. ६० किलोवॉटच्या चार्जरमध्ये साधारणपणे ३० किलोवॉटची दोन किंवा १५ ची चार मॉड्यूल असतात. त्यातले एखादे गेले तरी चार्जर चालू राहतो, फक्त वेग कमी मिळतो. ठिपका हिरवाच.

म्हणून ठिपक्याचा रंग सोडून या गोष्टी पाहा. त्या गनवर शेवटचे यशस्वी चार्जिंग कधी झाले? ते आज किंवा काल झाले असेल तर भरवसा धरायला हरकत नाही. आठवडाभर कोणी फिरकलेच नसेल तर संशय घ्या. वापरणाऱ्यांनी टाकलेले शेरे आणि फोटो वाचा, तेही ताजे. त्यात आपल्याच मॉडेलच्या गाडीचा शेरा सापडला तर तो सर्वांत मोलाचा. आणि गन मोजा. एकाच चार्जरच्या दोन गन म्हणजे दोन चार्जर नव्हेत, कारण चार्जर बंद पडला की दोन्ही जातात. दोन स्वतंत्र चार्जर असलेले ठिकाण थोडे आडवाटेला असले तरी आम्ही तेच निवडायला सांगू.

काही अ‍ॅप मधल्या स्थितीही दाखवतात. ‘प्रिपेअरिंग’ म्हणजे गन लागली आहे किंवा कोणी तयारीत आहे, वीज अजून सुरू नाही. ‘सस्पेंडेड ईव्ही’ म्हणजे गाडीनेच वीज घेणे थांबवले आहे. ‘फिनिशिंग’ म्हणजे चार्जिंग संपले, पण गन अजून गाडीतच अडकलेली आहे. ही शेवटची स्थिती अर्धा तास हलत नसेल तर मालक गाडी लावून निघून गेला आहे असे समजा आणि दुसरे ठिकाण पाहा.

जागेवर पोचल्यावर पडदा काळा दिसला, तर आधी लाल रंगाचे आपत्कालीन बटण पाहा. जाता-येता कोणाचा धक्का लागून ते दाबले गेलेले असते, आणि ते दाबलेले असेपर्यंत चार्जर वीज देत नाही. बटणावरच्या बाणाच्या दिशेने फिरवले की ते टक्‌कन बाहेर येते. त्यानंतर चार्जर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे द्या. मात्र जळका वास येत असेल, आत पाणी गेलेले दिसत असेल किंवा केबल फाटलेली असेल तर बटणाला हात लावू नका, मदत क्रमांकावर कळवा.

प्रश्न : चार्जरवर ६० किलोवॉट लिहिले आहे, माझी गाडी ७० घेऊ शकते असे पुस्तिकेत आहे. प्रत्यक्षात २८ च्या वर आकडा जात नाही. चूक कोणाची?

उत्तर : आधी शेजारची गन पाहा. तिथे दुसरी गाडी लागलेली असेल तर ६० चे ३० आणि ३० झाले आहेत, आणि तुमचे २८ त्यात बरोबर बसतात. दोन गनच्या बऱ्याच चार्जरमध्ये वीज अशीच वाटली जाते. शेजारची गाडी निघून गेल्यावरही वेग वाढला नाही, तर चार्जिंग थांबवून पुन्हा सुरू करा. काही चार्जर सुरुवातीला ठरलेली वाटणी मध्येच बदलत नाहीत.

शेजारी कोणी नसेल तर चार्जरच्या बाजूची नेमप्लेट वाचा. ती वाचायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. किलोवॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, आणि चार्जरला अँपिअरची स्वतंत्र मर्यादा असते. उदाहरणार्थ, जुने ५० किलोवॉटचे चार्जर १२५ अँपिअरपर्यंतच देतात. तुमची बॅटरी ३५० व्होल्टची असेल तर १२५ × ३५० म्हणजे जेमतेम ४४ किलोवॉट. पूर्ण ५० मिळायला बॅटरी ४०० व्होल्टची हवी. त्याच पट्टीवर आउटपुट व्होल्टेजही लिहिलेले असते. ते ५०० व्होल्टपर्यंतच असेल आणि तुमची गाडी ८०० व्होल्टच्या बॅटरीची असेल, तर गाडीत व्होल्टेज वाढवणारी सोय असल्याशिवाय चार्जिंग सुरूच होणार नाही. अशा गाडीच्या मालकाने ठिकाण निवडतानाच १००० व्होल्टचा चार्जर पाहावा.

यानंतर पाळी बॅटरीची. थंड बॅटरीत जोराने वीज भरली तर लिथियम ऋणाग्राच्या (बॅटरीतल्या ऋण टोकाच्या) आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून गाडीच वेग आवरते. रात्रभर थंडीत उभी असलेली गाडी सकाळी थेट फास्ट चार्जरवर नेण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी, प्रवासाने बॅटरी गरम असतानाच चार्ज करून घ्या. गाडीत बॅटरी आधी तापवण्याची सोय असेल तर गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये चार्जर हे ठिकाण म्हणून टाका. बहुतेक मॉडेलमध्ये ही सोय त्यानेच जागी होते, फोनवरच्या नकाशाने नाही. कडक उन्हात उलटे घडते. बॅटरी, केबल आणि गनच्या पिना तापतात, पिनांजवळचे तापमानमापक ते ओळखतात आणि प्रवाह कमी केला जातो. धुळीने गच्च झालेल्या फिल्टरमुळे चार्जरही स्वतःचा वेग घटवतो. पंखे जोरात घोंघावत असूनही आकडा घसरत असेल तर कारण बहुधा तेच असते.

आणि पुस्तिकेतला ७० चा आकडा हा कमाल आकडा आहे. तो बॅटरी बरीच रिकामी आणि योग्य तापमानाला असताना काही मिनिटेच दिसतो. ६० टक्क्यांवर पोचलेल्या बॅटरीने २८ घेतले तर कित्येक गाड्यांत त्यात काहीच बिघाड नसतो.

प्रश्न : गन लावली, अ‍ॅपवर पैसेही भरले, पण ‘इनिशियलायझिंग’ वरून पुढे जात नाही. दोनतीनदा असे झाले. काय करावे?

उत्तर : या एका शब्दामागे बऱ्याच घडामोडी असतात. सीसीएस या फास्ट चार्जिंगच्या प्रचलित प्रकारच्या गनमध्ये वरच्या भागातल्या एका लहान पिनेवरून गाडी आणि चार्जर बोलतात. कोणाला किती व्होल्ट, किती अँपिअर चालतील हे ठरते. गाडी गनला कुलूप लावते. मग चार्जर केबलमधून वीज कुठे गळत नाही ना हे तपासतो, स्वतःचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ आणतो, आणि त्यानंतर गाडीतले काँटॅक्टर (बॅटरी जोडणारे मोठे स्विच) ‘टक्‌’ असा आवाज करून जोडले जातात. यातली एक पायरी चुकली किंवा तिला वेळ लागला की सगळे रद्द होते.

सर्वांत जास्त चुकते ते गन बसवताना. केबल जड असते, तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि वरच्या लहान पिना नीट टेकत नाहीत. एका हाताने केबलला खालून आधार द्या, दुसऱ्या हाताने गन सरळ आत दाबा, आणि कुलूप लागल्याचा आवाज येईपर्यंत तशीच धरून ठेवा. तेवढ्याने काम झाले नाही तर चार्जिंग रद्द करा, गन काढा आणि हुकावर परत ठेवा. गाडी बंद करून लॉक करा, दोन मिनिटे थांबा, मग पुन्हा सुरुवात करा. गाडी ‘पार्क’ मध्ये आहे ना आणि ठरावीक वेळेलाच चार्जिंग सुरू करण्याचा टायमर लावलेला नाही ना, हेही पाहा. टायमर विसरलेला असतो आणि दोष चार्जरला दिला जातो.

क्रमही महत्त्वाचा आहे. काही चार्जरना आधी गन आणि मग पैसे असे हवे असते, काहींना उलटे. चुकीच्या क्रमाने केले तर ठरावीक वेळात दुसरी बाजू हजर झाली नाही म्हणून चार्जर सोडून देतो. पडद्यावरची सूचना वाचून त्याच क्रमाने जा.

‘इन्सुलेशन’ किंवा ‘आयसोलेशन’ असा शब्द असलेली चूक दिसली तर गनच्या तोंडात किंवा गाडीच्या सॉकेटमध्ये ओल आहे का पाहा. गन उलटी धरून हलकेच झटका, सॉकेटचे झाकण उघडे ठेवून ते सुकू द्या. आत बोट, कापड, टोकदार वस्तू घालू नका. कोरडे करूनही, आणि वेगळ्या चार्जरवरही हीच चूक आली तर दोष गाडीत आहे. सर्व्हिस सेंटरला दाखवेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका.

नेटवर्क कच्चे असलेल्या ठिकाणी अ‍ॅपपेक्षा आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवायचे ओळखकार्ड) बरे पडते. तुमच्या कार्डाचा क्रमांक चार्जरच्या स्वतःच्या यादीत असेल तर सर्व्हरशी संपर्क नसतानाही तो वीज सुरू करू शकतो. निदान दोन कंपन्यांची खाती आणि त्यांत शिल्लक घरून निघण्यापूर्वीच तयार ठेवा. रस्त्यावर, नेटवर्क नसताना ओटीपीची वाट पाहणे फार जाचक होते.

प्रश्न : गन गाडीतून निघतच नाही.

उत्तर : आधी चार्जिंग थांबले आहे याची पडद्यावर खात्री करा. व्होल्टेज ६० च्या खाली येईपर्यंत कुलूप उघडत नाही, त्याला काही सेकंद लागतात. मग गाडी किल्लीने अनलॉक करा. तरीही अडली तर ओढू नका. गन उलट आत दाबून धरा आणि त्याच वेळी पुन्हा अनलॉक करा. केबलच्या ओझ्याने कुलपाची खीळ आवळली गेलेली असते, ती सुटते. शेवटचा उपाय म्हणजे हाताने ओढायची दोरी. ती बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली असते. तिची जागा पुस्तिकेत आजच पाहून ठेवा.

प्रश्न : ४०० किलोमीटरच्या प्रवासाचा हिशेब कसा मांडावा? आणि १०० टक्के भरूनच का निघू नये?

उत्तर : घरून निघताना १०० टक्के भरा, वाटेत मात्र ८० वर थांबा. समजा, बॅटरीत वापरता येण्याजोगी ४५ युनिट आहेत आणि महामार्गावर १०० किलोमीटरला १६ युनिट लागतात. १०० वरून १५ टक्क्यांपर्यंत ३८ युनिट खर्च होतील, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. पुढे ८० ते १५ टक्क्यांत २९ युनिट, म्हणजे सुमारे १८०. म्हणून वाटेतला थांबा २२० किलोमीटरच्या आसपास शोधा. पोचल्यावर जे १५ ते २० टक्के उरतात ते पर्यायी चार्जरसाठी आहेत. १५ टक्क्यांत गाडी ४० किलोमीटर जाईल, म्हणून पर्याय ३० किलोमीटरच्या आत हवा. तसा पर्याय नसेल तर एक चार्जर अलीकडेच थांबा.

वेळ पाहा. १५ ते ८० टक्के, सरासरी ४० किलोवॉटने, सुमारे ४४ मिनिटे. ८० नंतर बॅटरीचे व्होल्टेज मर्यादेला टेकू लागते आणि प्रवाह उतरत जातो. तिथे सरासरी १२ किलोवॉट मिळाले तर उरलेली ९ युनिट भरायला आणखी ४५ मिनिटे. रांगेतल्या माणसाची ती ४५ मिनिटे आपण खातो, याचे भान हवे. पुढचा चार्जर खरेच फार लांब असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा निःसंकोच भरा.

वेगाचाही हिशेब करा. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. बॅटरी अपुरी वाटू लागली तर वेग कमी करणे हा हाताशी असलेला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. फास्ट चार्जर मिळालाच नाही तर ७.४ किलोवॉटच्या साध्या, मंद एसी चार्जरवर, गाडीतला स्वतःचा चार्जर तेवढी वीज घेऊ शकत असेल तर, तासाभरात ४० किलोमीटरपुरती वीज मिळते. अडकून पडण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : प्रत्येक पेट्रोल पंपावर फास्ट चार्जर का बसवत नाहीत?

उत्तर : अडचण जागेची कमी आणि वीजजोडणीची जास्त आहे. १५० किलोवॉटचे चार चार्जर म्हणजे ६०० किलोवॉट. पंपाच्या नेहमीच्या जोडणीत एवढा भार बसत नाही. उच्च दाबाची लाइन, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि मंजुरी लागते. शिवाय कमाल मागणीवर आधारित स्थिर आकार (वीजबिलातला ठरलेला भाग) बऱ्याच ठिकाणी गाड्या आल्या नाहीत तरी भरावा लागतो. म्हणून कमी वर्दळीच्या रस्त्यांवर चार्जर चालवणाऱ्या कंपन्या कचरतात, आणि नेमकी तिथेच गरज असते. ही कोंडी नुसत्या बाजारावर सोडून सुटत नाही, अंतराचा नियम लागतो असे आमचे मत आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या कायद्यात मुख्य महामार्गांवर प्रत्येक दिशेला दर ६० किलोमीटरच्या आत चार्जिंगची सोय ठरवून दिली, २०२५ अखेरपर्यंत एका ठिकाणी एकूण किमान ४०० किलोवॉट आणि त्यात निदान एक १५० चा चार्जर.

प्रश्न : बिलात ३८ युनिट, गाडीत ३५. फसवणूक तर नाही?

उत्तर : एवढा फरक पडतो. काही वीज बॅटरीच्या आत उष्णतेत जाते, काही तिला थंड किंवा गरम ठेवायला लागते, आणि तुम्ही एसी लावून आत बसला असाल तर तीही त्यातच. शिवाय गाडीवरचे टक्के हा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. फरक प्रत्येक वेळी १५ टक्क्यांच्या वर जात असेल आणि तोही एकाच चार्जरवर, तर सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के, चार्जरच्या पडद्यावरची युनिट आणि वेळ यांचे फोटो जोडून तक्रार करा.