क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट: अर्जाआधीचा अनुभव कोणता, किती?

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करू पाहणाऱ्या वाचकांचे तीन प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: मी मानसशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संकटकाळी मदत करणाऱ्या हेल्पलाइनवर २०० तास पूर्ण झालेत, रुग्णालयाच्या मनोविकार विभागात स्वयंसेवकाचं कामही चालू आहे. संशोधनाचा अनुभव नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी डिसेंबरात पीएचडीसाठी अर्ज केला तर चालेल का?

उत्तर: या तयारीवर पीएचडी मिळणं अवघड आहे, आणि हे आत्ताच कळलेलं बरं. हेल्पलाइनचं काम वाया गेलं असं मुळीच नाही. पण बहुतेक क्लिनिकल पीएचडीत विद्यार्थी एका ठरावीक प्राध्यापकाच्या हाताखाली घेतला जातो, आणि त्या प्राध्यापकाला पुढची पाच-सात वर्षं आपल्या विषयावर संशोधन करणारं माणूस हवं असतं. उपचार करायला तुम्हाला तिथे शिकवणारच आहेत. क्लिनिकल मानसशास्त्राच्या शिक्षणावर १९४९ साली झालेल्या बोल्डर परिषदेपासून या पदवीचा पायाच संशोधन आणि उपचार असा दुहेरी आहे. अर्जात मात्र पहिलं पारडं जड असतं.

तेव्हा याच सत्रात एखाद्या लॅबमध्ये शिरा. ‘तुमच्याकडे काम करायला आवडेल’ एवढंच लिहिलेली मेल मागे पडते. प्राध्यापकांचा कोणता लेख वाचलात, त्यातला कोणता मुद्दा डोक्यात राहिला, सांख्यिकीत काय येतं, हे सहा-सात ओळींत लिहा. ‘आठवड्याला ९ तास, सलग तीन सत्रं देऊ शकते’ हे वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. नव्या माणसाला तयार करण्यात लॅबचे बरेच आठवडे जातात आणि एका सत्रात सोडून जाणाऱ्यावर ते घालवणं कुणाला परवडत नाही.

सुरुवातीला प्रश्नावल्यांची माहिती भरणं, भेटीची आठवण करून देणारे फोन, संमतिपत्रं असलीच कामं येतील. ती नीट करा. मग सहभागी निवडण्यासाठीचे फोन मागून घ्या, कारण तिथे तुमचा हेल्पलाइनचा अनुभव थेट उपयोगी पडतो. फोनवरची व्यक्ती आत्महत्येच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणाली तर गडबडून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं नसतं. ठरवून दिलेले जोखमीचे प्रश्न शांतपणे विचारायचे, जबाबदार तज्ज्ञाला लगेच जोडून द्यायचं, आणि घडलेलं सगळं त्याच दिवशी नोंदवायचं. हे ज्याला जमतं त्याच्यावर लॅब पुढची कामं सोपवते.

तिथेच थांबलात तर मात्र शिफारसपत्रात ‘मेहनती आहे, वेळेवर येते’ एवढंच उतरतं, आणि असं पत्र कुणाच्या लक्षात राहत नाही. समजा, आई आणि मुलाच्या संवादाच्या चित्रफितींचं कोडिंग, म्हणजे दिसणाऱ्या वागणुकीला ठरलेल्या नियमांनी गुण देणं, चालू आहे. तुम्ही आणि दुसरी सहायक स्वतंत्रपणे गुण देता, पण ‘चिडचिड’ या एकाच खान्यात दोघींचं एकमत मोजणारा आकडा, ज्याला ‘कापा’ (kappa) म्हणतात, सारखा घसरतो. कुठल्या फितींवर मतभेद होतात ते तुम्ही काढलंत आणि मूल नुसतं गप्प बसलं तर गुण द्यायचा की नाही हे नियमावलीत लिहिलेलंच नाही, हे दाखवून दिलंत. पत्र लिहिणाऱ्याला सांगण्यासारखं काही मिळतं ते इथे. अर्जाला साधारण तीन पत्रं लागतात. त्यांतली दोन तरी तुमचं संशोधन जवळून पाहिलेल्यांची असू द्या. नुसत्या वर्गात ‘ए’ देणाऱ्या प्राध्यापकाकडे लिहायला फारसं नसतं.

त्यानंतर स्वतःचा एक छोटा प्रश्न हवा, आणि तो जमा झालेल्या माहितीतून मागता येतो. लॅबकडे काळजीची मोजपट्टी आणि झोपेच्या रोजनिशा असतील, तर ‘आदल्या दिवशीची काळजी त्या रात्रीची झोप बिघडवते का’ एवढाच प्रश्न पुरे. या कामाचं पोस्टर अधिवेशनात मांडायचं असेल, तर दिनदर्शिका उलटी मोजा. अर्ज बहुधा १ डिसेंबरच्या आसपास संपतात. शरद ऋतूतल्या अधिवेशनाचा गोषवारा कित्येक महिने आधी द्यावा लागतो, म्हणजे विश्लेषण त्याच्याही आधी. ऑगस्टमध्ये जाग आली तर त्या वर्षीच्या अर्जात पोस्टर बसत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा, की शेवटच्या वर्षी प्रबंध लिहा आणि अर्ज एक-दोन वर्षांनी करा. पदवीनंतर मध्ये दोन वर्षं संशोधनाची नोकरी करून येणारे खूप असतात. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: पदवी होऊन दोन वर्षं झाली, ऑटिझम असलेल्या मुलांसोबत वर्तन-तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आता मास्टर्स करू की संशोधनाची नोकरी शोधू?

उत्तर: नोकरी मिळत असेल तर नोकरी. संशोधन समन्वयकाच्या जागेला पगार असतो आणि बहुतेक ठिकाणी दोन वर्षांची बांधिलकी मागतात. मुलाखतीत तुम्हीही विचारा, की याआधीचे समन्वयक कुठे गेले आणि लेखात किंवा पोस्टरवर त्यांचं नाव आलं का. दोन्हींचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे दोन वर्षं फक्त वेळापत्रकं सांभाळण्यात जातील. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेची पदवीनंतरची प्रशिक्षण योजना उत्तम आहे, पण ती फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे.

पदवीचे गुण कमी असतील किंवा सांख्यिकी कच्ची असेल तर मास्टर्सचा उपयोग होतो, पण प्रबंध असलेलाच घ्या. समुपदेशनाचा परवाना देणारा, प्रबंध नसलेला मास्टर्स पीएचडीच्या अर्जाला फारसं बळ देत नाही. मात्र तुम्हाला मनापासून थेरपीच करायची असेल, तर समुपदेशन किंवा समाजकार्याचा मास्टर्सच पुरेसा आहे. डॉक्टरेटची वर्षं घालवायची गरज नाही.

साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट हा तिसरा रस्ता. मानसशास्त्राच्या शिक्षणावरच्या १९७३च्या वेल परिषदेने त्याला मान्यता दिली. तिथे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला अधिक वजन आहे, पण पीएचडीत बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं तसं इथे सहसा मिळत नाही. कर्ज मोठं होतं. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला खर्च, गळती, इंटर्नशिप आणि परवाना मिळवणाऱ्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. सही करण्याआधी ते वाचा.

प्रश्न: मला स्वतःला नैराश्य होतं, त्यातूनच या क्षेत्राकडे वळले. अर्जाच्या निवेदनात हे लिहू का?

उत्तर: आम्ही लिहू नका म्हणू. ते लपवण्यासारखं आहे म्हणून नव्हे. तुम्ही त्यातून उभ्या राहिलात याचा आम्हाला आदर आहे. पण वाचणाऱ्या समितीला त्या मजकुरावरून तुमची संशोधनाची तयारी जोखता येत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना अर्ज कशामुळे बुडतात ते विचारलं होतं. त्यांच्या उत्तरांत स्वतःच्या मानसिक आजाराबद्दलचा तपशील होता आणि ‘मला लोकांना मदत करायची आहे’ हेही होतं. त्या जागी तुमचा प्रश्न लिहा. उदाहरणार्थ, ‘उपचाराने बरं वाटू लागल्यावर काही जण औषध मध्येच का सोडतात, आणि पहिल्या चार आठवड्यांत ते ओळखता येईल का?’ मग हा प्रश्न तुम्ही कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या माहितीवर तपासलात आणि या प्राध्यापकांकडे पुढे काय करायचंय ते सांगा. आणि अर्जाचे पैसे भरण्याआधी ते प्राध्यापक या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, हे त्यांच्या पानावर बघून घ्या.