उजवीकडची शीर

गरोदरपणाचा विसावा आठवडा. भांडुपहून ती माझ्याकडे सल्ल्याला आली होती, सोबत नवरा आणि सासूबाई. अ‍ॅनोमली स्कॅनच्या (बाळात काही व्यंग आहे का, ते बघणाऱ्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर एका ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली: 'पर्सिस्टंट राइट अम्बिलिकल व्हेन', म्हणजे नाळेची उजवी शीर टिकून राहिलेली. नवऱ्याने रात्रभर मोबाइल चाळून वाईटात वाईट तेवढं गोळा केलं होतं. "पाडावं लागेल का?" एवढंच त्याने विचारलं.

सासूबाईंनी कारणही आणलं होतं. "चौथ्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली हिने."

अशा वेळी मी वाद घालत नाही, आठवडे मोजते. सुरुवातीला गर्भात नाळेच्या दोन शिरा असतात. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास उजवी विरते, डावी उरते आणि वारेकडून शुद्ध रक्त बाळाकडे आणते. इथे डावी गेली, उजवी राहिली. "आई, ग्रहणाच्या कितीतरी आधी हे ठरलं होतं." त्या हिशेबाला पक्क्या निघाल्या; बोटांवर मोजून गप्प झाल्या.

मी डॉक्टर नाही, पण रिपोर्टमधलं काय विचारायचं ते सांगू शकते. शीर यकृतात शिरते का? डक्टस व्हेनोसस ही छोटी जोडनळी आहे का? नाळेत दोन धमन्या आहेत ना? हृदय, मूत्रपिंडं, बाकी सगळं ठीक? हिच्या रिपोर्टमध्ये शीर यकृतातूनच जात होती, बाळाच्या जठराकडे वळलेली, जोडनळी जागेवर. असा एकटा फरक असला की बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. शीर यकृताला टाळून थेट हृदयाकडे गेली असती, तर हृदयावर ताण, अंगात पाणी साठणं, हे सगळं बोलावं लागलं असतं. तेव्हा मी धीर देण्याची घाई केली नसती.

डॉक्टरांनी फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, सांगितली होती; ती चुकवू नका, एवढं मात्र मी ठासून सांगितलं.

इको चांगली आली. पुढे वाढ बघायला सोनोग्राफी. फक्त या शिरेपायी सिझेरियन नाही. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा एकटीच होती. जरा घुटमळून म्हणाली, "मॅडम, मी रोज गर्दीच्या लोकलमध्ये उभी असायचे. त्याने तर नाही ना झालं?"

ग्रहण सासूबाईंचं होतं, लोकल तिची.

"नाही हो. पण आता उभ्या राहू नका. पोट दिसतंय, सीट मागून घ्या."