आईची चक्कर: मानेआधी कान तपासून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की आई ६२ च्या आहेत, पहाटे कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. एक्स-रेत 'मणक्यात गॅप' निघाला, महिनाभर मानेला पट्टा आणि गोळ्या झाल्या, फरक शून्य. आता कोणी फिजिओथेरपी सुचवली, तर व्यायामाने चक्कर कशी जाणार, हा तुमचा प्रश्न.

जाऊ शकते. माझी गेली.

साठीनंतर मानेचा एक्स-रे काढला की झीज बहुतेकांची दिसते. म्हणून चक्कर तिच्यामुळेच, असं नाही. विचारायचं हे की चक्कर कधी येते आणि किती वेळ टिकते. कूस बदलताना, वर बघताना, वाकताना येते आणि मिनिटाच्या आत थांबते, तर पहिला संशय कानावर.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वयाने, डोक्याला मार लागून किंवा उगाचच ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोकं हललं की ते घरंगळतात, नळीतला द्रव हलतो, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. कण थांबले की चक्करही थांबते. गोळीने गरगर आणि मळमळ दबेल, पण कण नळीतून बाहेर येणार नाहीत. उलट चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर मेंदू तोल सावरायला शिकतो तेही लांबतं.

माझं मे महिन्यात झालं. कूलरच्या टाकीत वाकून पाणी पाहिलं, मान वर केली आणि भिंत सरकली. "काही नाही, ऊन लागलं तुम्हाले," म्हणून बायकोने पन्हं पाजलं, खिशात कांदा ठेवला. नागपुरात मे महिन्यात दुसरं कोणाला काय सुचणार! आठ दिवस कांदा वागवला, तरी कूस बदलली की तेच.

शेवटी फिजिओथेरपिस्टने टेबलावर पाय लांब करून बसवलं, डोकं उजवीकडे ४५ अंश वळवलं आणि झटकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. दोन-तीन सेकंद काही नाही, मग सगळं छत फिरायला लागलं. ती मात्र माझ्या बुबुळांकडे बघत होती. बुबुळं कशी झटके मारतात त्यावरून कोणत्या कानाची कोणती नळी, ते कळतं. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी. मग तिथूनच डोकं डावीकडे ९० अंश, मग डाव्या कुशीवर नाक जमिनीकडे, मग उठून बसायचं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एपली यांची ही पद्धत, १९९२ साली त्यांनी ती सविस्तर छापली. मला दोन बैठका लागल्या. नंतर चार दिवस बोटीतून उतरल्यासारखं डुलत होतो, तेवढंच. दीड वर्षाने पुन्हा झालं, पुन्हा तसंच गेलं.

यूट्यूब पाहून घरी करू नका. बाजू चुकते, आडव्या नळीसाठी युक्ती वेगळी असते, आणि मानेचा खरंच त्रास असेल तर तपासणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

सगळ्या चकरा अशा नसतात. एखाद्या संसर्गानंतर दिवसच्या दिवस गरगरत असेल तर कानाच्या नसेला सूज असू शकते. तिथे अंगठ्यावर नजर रोखून डोकं हलवायचे व्यायाम देतात, आणि ते रोज, कंटाळा येईस्तोवर करावे लागतात. कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं, तर कानाच्या डॉक्टरकडे. आणि चकरेसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले, चालता येईना, तर फिजिओ वगैरे सोडा, सरळ इमर्जन्सी गाठा.

नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवा, आणि ही चाचणी झाली का ते स्वतः विचारा. जाताना आईला तर्रीपोहे भरपेट खाऊ देऊ नका, झोपवल्यावर उलटी होते. परतताना स्कूटीवर मागे बसवू नका, ऑटो करा.