घरच्या सेजच्या पानांचा चहा कसा करायचा? कोकणात हे रोप टिकतं का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीत पुण्याहून सेजचं, म्हणजे तुळशीच्या घराण्यातल्या, युरोपात लावतात त्या सुगंधी पानांच्या झुडपाचं, वीतभर रोप आणलंत, गुहागरला घरापुढे कुंडीत लावलंत, आणि हौसेने आठ-दहा पानं पाण्यात घालून दहा मिनिटं उकळलीत. चहा इतका कडू झाला की ओतून द्यावा लागला. चूक कुठे झाली, हा चहा रोज घेतला तर चालेल का, आणि रोप पावसाळ्यात जगेल का, असं तुम्ही विचारलंय. मी दापोली तालुक्यात राहते, गेली सहा वर्षं सेज लावतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चूक उकळण्यात आहे. आपल्याकडे औषधी पान म्हटलं की काढा. सर्दी झाली की आलं ठेचायचं, गवती चहाच्या पातीला गाठ मारायची, चार मिरी आणि तुळशीच्या मंजिऱ्या टाकायच्या, आणि चार कपांचे दोन कप होईपर्यंत चुलीवर रटरटत ठेवायचं, हे आपण आईच्या हाताखाली शिकलो. आल्याला ते लागतंच, घट्ट कंदातला अर्क उकळल्याशिवाय उतरत नाही. सेजचं उलटं आहे. पानावर हाताला जी मखमल लागते, त्या बारीक लवेतच सुगंधी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. गरम पाणी लागलं की तेल लगेच सुटतं. पुढे उकळत राहिलात तर तो सुगंध वाफेबरोबर घरभर जातो, आणि पानातलं टॅनिन मात्र पाण्यात उतरत राहतं. चहा जास्त उकळला की जीभ आखडते ना, ती त्याच टॅनिनमुळे. तुमच्या कपात तेवढंच उरलं. शिवाय एका कपाला आठ-दहा पानं जास्तच झाली.

मी करते ते असं. एका कपाला, म्हणजे दीडशे ते दोनशे मिली पाण्याला, मध्यम आकाराची ताजी पाच पानं घेते. वाळलेली असतील तर चुरून एक छोटा चमचा, वजनाला साधारण ग्रॅमभर. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा. पानं हातानेच दोन-तीन तुकडे करून कपात टाकायची, वरून पाणी ओतायचं आणि लगेच बशी झाकायची. ही बशी फार महत्त्वाची आहे. पाच मिनिटांनी ती उचलाल तेव्हा आतल्या बाजूला थेंब जमलेले असतील, ते पुसू नका, कपातच झटका. पाच मिनिटं पुरेत, फार तर सात. मग गाळून पानं काढून टाकायची. पीत असताना पानं कपात राहिली तर शेवटचे घोट पुन्हा कडू होतात.

नीट जमलेला कप फिकट पिवळसर हिरवा दिसतो. पहिल्या घोटाला कापराचा वास, मग निलगिरीसारखं काहीतरी, मागून मिरीची ऊब आणि शेवटी हलका तुरटपणा. दूध घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्याने ही सगळी चव दबून जाते. पाणी जरा निवलं की चमचाभर मध घाला, लिंबाचे चार थेंब पिळा. मी बरेचदा लिंबाऐवजी अर्धं आमसूल टाकते. पाण्याला गुलाबी छटा येते आणि त्या आंबटपणाने कापराचा तिखा वास मऊ होतो. गवती चहा आवडत असेल तर पात आधी पाण्यात उकळून घ्या आणि ते पाणी खाली उतरवल्यावर सेजची पानं घाला. म्हणजे ज्याला उकळी हवी त्याला ती मिळते आणि सेजची पानंही वाचतात.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. नर्सरीत ‘साल्विया’ म्हणून विकतात ते बहुतेक वेळा लाल फुलांचं शोभेचं झाड असतं. तेही साल्विया कुळातलंच, पण चहाचं नव्हे. चहाचं सेज ते साल्विया ऑफिसिनॅलिस. त्याचं पान जिभेसारखं लांबट, राखाडी हिरवं, बारीक खडबडीत आणि लव असलेलं असतं, फुलं जांभळट निळी. पान चोळलं की कापरासारखा तीव्र वास यायलाच हवा. तुमचा चहा कडू झाला असं तुम्ही लिहिलंय, पण वासाबद्दल काहीच लिहिलं नाहीये. पान पातळ, चकचकीत हिरवं असेल आणि चोळून वास येत नसेल, तर त्याचा चहा करू नका, बागेत फुलू द्या.

खोड बोटांत धरून पाहा, चौकोनी लागेल. तुळस, पुदिना, सबजा, पानओवा यांचंही तसंच असतं, कारण ही सगळी एकाच घराण्यातली. हल्ली सगळीकडे मिळणारा चिया हा तर सेजचा सख्खा भाऊ, दोन्ही साल्वियाच. या नावाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘सुखरूप असणं, बरं करणं’ हा अर्थ आहे, आणि ‘ऑफिसिनॅलिस’ म्हणजे औषधांच्या कोठीतलं. आपण अंगणात तुळस लावतो त्याच विश्वासाने युरोपातल्या मठांच्या बागांतून हे झाड लावत असत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रोज प्यावा का. इथे मी जरा कडक बोलणार आहे. सेजच्या तेलात थुजोन नावाचं द्रव्य असतं. कपभर चहात ते थोडं असतं, पण जास्त प्रमाणात ते मज्जासंस्थेला घातक आहे. युरोपात औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने सेजच्या औषधांमधून दिवसाला 6 मिलिग्रॅमपेक्षा जास्त थुजोन पोटात जाऊ नये, अशी मर्यादा घातली आहे. एका पानात ते किती असेल हे झाडाच्या वाणावर, हवेवर आणि पान कधी खुडलं त्यावर ठरतं, आणि ते घरी मोजता येत नाही. म्हणून मी दिवसाला एक कप घेते, सलग दोन आठवड्यांच्या वर कधीच नाही, आणि मग महिनाभर थांबते. बाजारात सेजचं तेल मिळतं, ते पोटात अजिबात घेऊ नका. थेंबभरसुद्धा नको. ते पोटात गेल्याने आकडी आल्याच्या नोंदी आहेत.

गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनी हा चहा घेऊ नये. मुलांनाही देऊ नये. मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गेल्या वर्षी माझी पुतणी बाळंतपणाला माहेरी आली होती. माझा कप पाहून तिलाही प्यावासा वाटला, पण मी दिला नाही. युरोपात बाळाचं दूध सोडवताना आईचं दूध कमी व्हावं म्हणून पूर्वी हाच चहा देत असत. बाळंतिणीला अळीव आणि बाळंतशेपा देणाऱ्या घरात तो कसा द्यायचा? तिला मी शेपाचं पाणीच करून दिलं.

उपयोग कशाचा, हेही सांगते. तीच युरोपीय संस्था परंपरागत वापराच्या आधारावर सेजचं पान जेवणानंतरची जळजळ आणि पोटफुगी, जास्त घाम येणं, आणि तोंड-घसा सुजणं यासाठी मान्य करते. परंपरागत वापर म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव, मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं औषध नव्हे. मला स्वतःला सगळ्यांत गुण आला तो गुळण्यांनी. अर्धा कप गरम पाण्यात दोन छोटे चमचे वाळलेली पानं दहा मिनिटं झाकून ठेवायची, कोमट झालं की गाळून गुळण्या करायच्या आणि थुंकून टाकायच्या. इथे तुरटपणा हवाच असतो, म्हणून जास्त वेळ ठेवायचं. घसा आठवडाभरात बरा झाला नाही तर डॉक्टर गाठा.

रोपाबद्दल मात्र मनापासून लिहायचंय, कारण माझी पहिली दोन रोपं माझ्याच हातून गेली आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. माझा भाचा बोटीवर असतो. त्याने क्रोएशियातल्या स्प्लिट बंदरातून वाळलेल्या सेजची पुरचुंडी आणली होती. तिकडे याला कादुल्या म्हणतात. त्याने सांगितलं की समुद्राला लागूनच उघड्या पांढऱ्या खडकांत हे झुडूप आपोआप वाढतं. मला वाटलं, समुद्र इथेही आहे, खारा वारा इथेही आहे, मग लागेलच. रोप आणून आगरात लाल मातीत लावलं, शेणखत घातलं, पोफळींबरोबर पाणी दिलं. जुलैत पानं काळी पडून गळाली, उपटून पाहिलं तर मुळं कुजून मऊ झालेली. दुसऱ्या वर्षी तेच.

मग हवेचा फरक ध्यानात आला. तिकडे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणजे ऊब असते तेव्हा ओल नसते. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि हवा तेव्हाही उबदारच. ऊब आणि ओल एकत्र आली की मुळांवर बुरशी बसते. त्यातून आपली जांभ्याची माती आम्लट, आणि सेजची सवय चुनखडीच्या खडकांची.

तिसऱ्या रोपाला मी मातीची कुंडी घेतली, प्लॅस्टिकची नाही. तळाला चिऱ्याच्या खडीचा चार बोटं थर दिला. वर निम्मी माती आणि निम्मी नदीची जाड वाळू घातली. किनाऱ्यावरची वाळू नको, ती खारट असते. खत मूठभरच, तेही जुनं. आणि तिसऱ्यांच्या, म्हणजे आपण खातो त्या शिंपल्यांच्या, शिंपा स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, कुटून दोन मुठी मिसळल्या. आपल्या किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना करत, त्यावरून हे सुचलं. ते रोप चार वर्षं झाली उभं आहे. पाणी वरची दोन बोटं माती कोरडी लागली तरच देते. मिरग जवळ आला की कुंडी पडवीत उजेडाच्या बाजूला घेते, पण पागोळ्यांखाली नाही. तिथे चार महिने ती जवळजवळ कोरडीच असते, आणि त्या दिवसांत मी पानं खुडत नाही.

खुडायचा आणि वाळवायचा काळ डिसेंबर ते मार्च. सकाळी दंव उडाल्यावर शेंडे खुडायचे, एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कधी नाही. रोवळीत एकेरी पसरून वर पातळ कापड टाकायचं आणि सावलीत वारा खेळेल तिथे ठेवायचं. उन्हात घातली तर वास उडतो. आठवडाभरात पान बोटांत कुरकुरीत मोडायला लागतं, तेव्हा काचेच्या बरणीत भरायचं. जरा जरी लवचीक असेल तर अजून दोन दिवस थांबा. आपल्या दमट हवेत अर्धवट वाळलेलं पान बरणीत सादळतं आणि त्याला भुरा येतो, मग अख्खी बरणी टाकावी लागते. मी बरणीत भाजून गार केलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवते.

रोप जुनं झालं की खोड लाकडासारखं होतं आणि पानं विरळ येतात. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात बोटभर लांबीच्या चार-पाच फांद्या खालची पानं काढून वाळूत खोचून ठेवते. महिनाभरात निम्म्या तरी लागतात. एखाद्या पावसात मोठं झाड गेलंच, तरी घरात सेज राहतं.

तुमचं रोप अजून वीतभरच आहे आणि त्याची आठ-दहा पानं एकदम गेलीत, तेव्हा जानेवारी संपेपर्यंत त्याला हात लावू नका. आधी कुंडीचं भोक मोकळं आहे ना ते बघा, खाली ताटली ठेवली असेल तर काढा, आणि दुपारपर्यंतचं ऊन मिळेल अशा जागी सरकवा. शेंडे फुटायला लागले की तीन पानांचा पहिला कप करा, आणि बशी झाकायला विसरू नका.