संधिवाताची गोळी बंद केल्यावर अंगावर चट्टे उठले, ही उष्णता बाहेर पडतेय का?

नाही. उष्णताही नाही आणि घाणही नाही. तुम्ही लिहिलंय की मेथोट्रेक्सेट मनानेच बंद केली, मग कोपरांवर आणि डोक्यात लाल चट्टे उठून खपल्या पडायला लागल्या, आणि शेजारचे म्हणतात, ‘औषध अंगातून निघतंय, कळ काढा.’ हे आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्यावाचून राहवेना.

सासूबाईंना सोरायसिसचा संधिवात. सोरायसिस म्हणजे कातडीवर लाल चट्टे उठून खपल्या पडतात तो आजार. चट्टे जुने, सांधे नंतर धरले. बोटं टम्म सुजायची, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे. मिरजेच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिली, आठवड्यातून एकदाच. कालनिर्णयवर सोमवारी मी खूण करायचे, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी लिव्हरची आणि रक्ताची तपासणी. पहिले दोन-अडीच महिने काही फरक नाही. मग मात्र सासूबाई स्वतः कणीक मळायला लागल्या.

दिवाळीला वन्सं आल्या. गोळीचं नाव मोबाइलवर टाकलं आणि ‘ही तर कॅन्सरची गोळी, आईचं लिव्हर घालवाल’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. कॅन्सरला वापरतात हे खरंच, पण तिथे डोस ग्रॅममध्येसुद्धा जातो. इथे आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. लिव्हरचे नॉर्मल रिपोर्ट मी पुढ्यात ठेवले. पण लेकीपुढे सुनेचं कोण ऐकतं? गोळी बंद, आणि वन्संच्या ओळखीतून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पांढऱ्या पुड्या सुरू.

चार दिवसांत दुखणं गायब. भूक वाढली, चेहरा गोल झाला, वन्संचे फोनवर फोन. पुढे पुड्या संपल्या, देणारा सापडेना, आणि सासूबाईंचं अंग पेटलं. चट्टे एकमेकांत मिसळून पाठ, पोट, मांड्या लालभडक. तळव्यांवर पुवाचे बारीक फोड. सकाळी चादर झटकली की सुपली भरून खपल्या निघायच्या. भर एप्रिलात दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होत्या, कारण एवढी कातडी सोलवटली की शरीराला ऊब धरून ठेवता येत नाही. वन्संचं तेव्हाही तेच, निघतंय ते निघू द्या. डॉक्टरांनी पुड्यांचं ऐकलं, चेहरा बघितला आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असणार. सोरायसिस असताना पोटातून घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबलं की असा भडका उडू शकतो. ॲडमिट करावं लागलं.

तुमचं म्हणाल तर ही गोळी सांधे आणि कातडी दोन्हीकडचा रोग दाबून ठेवते. ती काढली, रोग वर आला. आपोआप बसायची वाट बघू नका, आणि घरात उरलेल्या गोळ्या मनाने परत चालूही करू नका. रोज तर मुळीच नाही, चुकून रोज घेऊन माणसं दगावली आहेत. आधी रक्त तपासतील, मग ठरवतील. ताप, थंडी, पुवाचे फोड, किंवा अंगभर लाली असेल तर आजच दवाखाना गाठा.

आणि हो, तुम्हाला सोरायसिस आहे असं धरून हे लिहिलंय. नुसता आमवात असेल तर चट्ट्यांचं कारण वेगळंही असू शकतं, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. गोळी जन्मभर चालूच ठेवायची असंही नाही. मूल हवं असेल, मोठं इन्फेक्शन झालं, लिव्हर बिघडलं, तर डॉक्टर स्वतःच थांबवतात आणि दुसरं काहीतरी देतात. बंद करायची ती त्यांना विचारून, नणंदेला विचारून नव्हे.

वन्सं अजून लग्नाकार्यात सांगतात की कॅन्सरच्या गोळीनेच आईचं अंग फुटलं. मग तीच गोळी परत सुरू केल्यावर चट्टे गेले कसे, एवढं एकदा त्यांनी मला समजावून द्यावं.