ग्रुपमध्ये माझं कुणाला काय पडलंय?

ऑनलाइन रिसर्चमध्ये घुसलेली एमएस्सी-पीएचडीची पोरं आजकाल माझ्याकडं येतात, आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, रात्रंदिवस काम करतो पण ग्रुपमध्ये कुणी विचारत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे का? त्यातलीच ही एक, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली (ओळख पटेल असं सगळं बदललंय, तिची परवानगीही आहे). वेगवेगळ्या गावांतले-देशांतले लोक मिळून जंगलातले रेकॉर्डिंग ऐकायचे आणि कुठला पक्षी ते टॅग करायचं, असं तिचं काम. आई सोबत आली होती, ती आधी बोलली, "रातभर कानाला लावून बसतीय ओ मॅडम, पगार ना काय ना, काय करूलालीय देवालाच ठाऊक."

पोरीचं दुखणं वेगळंच होतं. टॅगिंगमध्ये एक चूक सारखी होतेय हे तिनं पकडलं, कुटुर्गा आणि तपकिरी डोक्याचा तांबट दोघंही 'कुटरू कुटरू' करतात, लोक एकाचं दुसऱ्यावर खपवतात. तिनं इंग्रजी चारदा तपासून लांबलचक मेसेज टाकला, एकाचंही उत्तर नाही. नंतर कुणीतरी शंकेच्या ओळी पिवळ्या करायची साधी शीट टाकली आणि अख्खा ग्रुप तिच्यामागं. "मराठी मिडियमची म्हणून असंल," म्हणाली. हे इकडं फार ऐकायला मिळतं, घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी, मग काहीही बिघडलं की खापर भाषेवर!

मी तिला म्हटलं, कोण कुणाला उत्तर देतं ते कागदावर काढ. काढल्यावर दिसलं की को-ऑर्डिनेटरलासुद्धा निम्मे लोक उत्तर देत नाहीत. असल्या ग्रुपला कॉम्प्लेक्स अडॅप्टिव्ह सिस्टिम म्हणतात, वरून हुकूम देणारं कुणी नसतं, जो तो दुसऱ्यानं काय केलं ते बघून आपलं काम बदलतो आणि त्यातूनच ग्रुपची दिशा ठरते. ग्रासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९५९ मध्ये वाळवीबद्दल हेच मांडलं, मुकादम नसतो, एकीनं ठेवलेला मातीचा गोळा बघून दुसरी तिथंच गोळा ठेवते आणि वारूळ उभं राहतं. पिवळी शीट म्हणजे तसला गोळा, बघितला की पुढचं काम सुचतं. तिचा मेसेज बरोबर होता पण त्यात दुसऱ्यानं हात घालायला जागाच नव्हती, सगळं तिनंच संपवलेलं.

गणितवाल्यांना हे आधीच कळलं होतं. २००९ मध्ये टिमोथी गॉवर्स यांनी पॉलिमॅथ म्हणून प्रयोग केला, अवघड प्रमेय, ज्याला वाटेल त्यानं ऑनलाइन यावं. नियम काय, तर एकट्यानं कोपऱ्यात बसून पूर्ण उत्तर आणायचं नाही, अर्धवट विचारच थोडक्यात टाकायचा. फेब्रुवारीत सुरू केलं आणि मार्चमध्ये मूळ प्रश्न सुटल्याचं जाहीर झालं. पुढं २०१३ मध्ये यितांग झांग यांनी सिद्ध केलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या कधीच संपत नाहीत, पॉलिमॅथनं ही ७ कोटींची मर्यादा ४६८० वर आणली, तेवढ्यात जेम्स मेनार्ड यांनी ग्रुपबाहेर, एकट्यानं, वेगळ्या पद्धतीनं ६०० गाठली. ग्रुप रुसला नाही, त्यांचीच पद्धत उचलली, तेही सामील झाले आणि आकडा २४६ वर आला.

मग तिनं मेसेज मोडला. फक्त चार-पाच क्लिप, प्रत्येकीखाली दोन पक्ष्यांची नावं, "तुम्हाला कुठला वाटतो?" उत्तरं आली, दोघांनी तिलाच चुकीचं ठरवलं, एका क्लिपवर तर जाम भांडण झालं, आणि ती हसत सांगत होती.

पण एक गोष्ट सिस्टिमच्या नावावर सोडायची नाही असं मी तिला बजावलं, ती म्हणजे पेपरवरचं नाव. पॉलिमॅथचा पेपर 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामायिक नावानं छापला, कुणाचं नाव पुढं हा वादच नको. हिच्या ग्रुपात असलं काहीच ठरलेलं नाही, आणि गप्प बसून ते आपोआप ठरणारही नाही. तिनं लेखी विचारलं, उत्तर आलं की ड्राफ्टच्या वेळी बघू. पटलं नाही, मलाही नाही. ड्राफ्टपर्यंत थांबणार आणि तोवर रात्री अकरानंतर हेडफोन काढून ठेवणार, असं तिचं ठरलंय. आईला त्यातलं अकराचं तेवढं पटलंय.